गुणी पण तापट घोड्याची विक्रीची जाहिरात कशी लिहावी

१.२० मीटरचा अडथळा सहज ओलांडणारा, पण नवख्या हाताने लगाम ताणला की सुसाट सुटणारा घोडा विकायला काढला, की मालकाला पहिला प्रश्न पडतो: त्याची खोड जाहिरातीत लिहायची की नाही? माझं उत्तर ठाम आहे. लिहायची, स्पष्ट लिहायची आणि गुणाच्या शेजारीच लिहायची. अशा घोड्याच्या जाहिरातीचं मुख्य काम चुकीच्या गिऱ्हाइकाला दूर ठेवणं हे असतं. ढीगभर फोन येऊन उपयोग नाही. तो घोडा झेपणारा एक माणूस हवा, आणि अशी माणसं थोडीच असतात.

चुकीच्या हाती गेलेल्या घोड्याचं पुढे काय होतं हे तबेल्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. नवा मालक सुरुवातीलाच एकदोनदा पडतो, घाबरतो आणि घोडा बांधून ठेवतो. बांधलेला घोडा आणखी तापतो. मग तोंडात कडक बिट (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) येतं, मग तो कमी भावात पुढे विकला जातो आणि दोनतीन हात बदलून कुठल्यातरी वरातीत, बँड आणि फटाक्यांच्या मध्ये उभा राहतो. दर विक्रीला त्याच्याबद्दलची तक्रार वाढत जाते आणि तो किती सुंदर उडी मारायचा हे कुणाला ठाऊकही राहत नाही. हे टाळणं बऱ्याच अंशी पहिल्या विकणाऱ्याच्या हातात असतं.

पहिल्यांदाच घोडा विकणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेडची (रेसच्या घोड्यांची जात) घेतली आहेत, कारण महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्समुळे आपल्या भागातल्या रायडिंग स्कूलमध्ये आणि उड्यांच्या स्पर्धांमध्ये हे घोडे भरपूर दिसतात. मारवाडी, काठियावाडी घोड्यांबाबत जे वेगळं आहे ते ओघात येईल.

पहिली पायरी: हा स्वभाव आहे की दुखणं?

जाहिरातीचा एक शब्दही लिहिण्याआधी घोड्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. ‘स्वभावाने तापट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्यांपैकी काही मुळात दुखण्याने त्रासलेले असतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत राहतं, मग तो खात असो वा नसो. दिवसातून दोनतीन वेळा भरपूर दाणा आणि मधल्या वेळात रिकामं पोट, असं ज्यांचं आयुष्य गेलं त्या रेसच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण फार आढळतात. तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना कान मागे पाडणं, दात दाखवणं, पोटाकडे वळून बघणं ही लक्षणं असतील तर आधी एंडोस्कोपी करून घ्या. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला टोचत असतील तर घोडा लगामाला डोकं झटकणारच. त्या कानशीने घासून घेतल्या की काही घोडे आठवड्याभरात बदलतात. पाठ, खोगिराचा फिट आणि नालबंदाचं काम हेही बघून घ्या. घोडी असेल तर खोड माजाच्या दिवसांतच दिसते का याची नोंद ठेवा. हंगामात घोडी साधारण २१ दिवसांच्या चक्राने माजावर येते, त्यामुळे दोनतीन महिन्यांच्या तारखा लिहून ठेवल्या तर चित्र स्पष्ट होतं.

दुखणं सापडलं तर आधी उपचार करा, विक्री नंतर. काहीच सापडलं नाही तर तो अहवाल जपून ठेवा. ‘पाठ, दात, पाय तपासले आहेत, अहवाल बघायला मिळेल’ ही ओळ तापट घोड्याच्या जाहिरातीत फार वजनदार ठरते. जाणकार माणसाच्या मनात येणारी पहिली शंका तीच असते.

दुसरी पायरी: खोड घटनेच्या रूपात लिहून काढा

जाहिरात बाजूला ठेवा आणि एका वहीत फक्त घटना लिहा. विशेषणं नकोत. ‘बुजरा आहे’ असं न लिहिता तो कशाला बुजतो, कुठे बुजतो, बुजल्यावर नेमकं काय करतो, तुम्ही काय केल्यावर थांबतो आणि हे शेवटचं कधी झालं, एवढं लिहा. साईसालाही (घोड्याची देखभाल करणाऱ्यालाही) विचारा. घोड्याबरोबर सगळ्यात जास्त वेळ तोच असतो, आणि मालकाला कधीच न दिसलेल्या गोष्टी त्याला माहीत असतात. पाण्याची बादली घेऊन आत गेलं तर काही करत नाही पण झाडू घेऊन गेलं की पाठ फिरवतो, ही माहिती फक्त साईसच देऊ शकतो.

वहीत साधारण अशी नोंद होते: ‘सराव रिंगणात चारपाच घोडे एकत्र असले की पहिली दहा मिनिटं दुडकी चालत नाही, आडवा नाचतो. समोरून घोडा अंगावर आला की कान पाडतो. कोपऱ्यात नेऊन लहान वर्तुळं घेतली की शांत होतो. एकटा असला तर यातलं काहीच नाही.’

हे लिहिल्यावर एक गोष्ट तुमच्याच लक्षात येईल. ‘घोडा अवघड आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धवट असतं. तो ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी आणि ठरावीक प्रकारच्या हातात अवघड असतो. बाकीच्या वेळी तो कसा असतो हे सांगायचा हक्क या वहीमुळे तुम्हाला मिळतो.

रेसमधून आलेल्या घोड्यांच्या काही सवयी खोडी वाटतात, पण त्या शिकवलेल्या असतात. ट्रॅकवर लगाम धरून ठेवला की घोडा त्यावर भार टाकून पळायला शिकतो. म्हणून घाबरलेला नवखा राइडर जेवढा ओढतो तेवढा हा जास्त पळतो. जॉकीला पायाला आधार देऊन चालत्या घोड्यावर बसवतात, त्यामुळे चढताना स्थिर उभं राहणं या घोड्याला ठाऊकच नसतं. जॉकी आखूड रिकिबीत वर बसलेला असतो, म्हणून राइडरचे लांब पाय बरगड्यांना लागले की हा दचकतो. तुमच्या घोड्याचं यातलं काय सुटलं आहे आणि काय शिल्लक आहे, ते वहीत लिहा.

मारवाडी घोडा नाच शिकलेला असेल तर ते लपवू नका. ढोल ऐकला किंवा लगाम वर उचलला की पुढचे पाय उचलणं हे त्याला कौतुकाने शिकवलेलं असतं. रानात चालवायला घोडा घेणाऱ्या माणसाला ते आधी कळलं नाही तर तो मागे कोसळू शकतो.

तिसरी पायरी: पहिल्या चार ओळी

इथे फार विचार करायची गरज नाही, फक्त काही राहून जाऊ देऊ नका. जात, वय, लिंग, रंग, उंची, गाव, सध्याचं काम आणि किंमत.

खच्ची केलेला घोडा आहे की आंडील, हे पहिल्याच ओळीत यायला हवं. आंडील घोडा हा वेगळ्या जबाबदारीचा विषय आहे आणि ज्याच्या तबेल्यात घोड्या आहेत त्याचा निर्णय त्यावरच होतो.

उंची लिहिताना नवख्यांची एक चूक नेहमी होते. एक हात म्हणजे ४ इंच. म्हणून १५.२ म्हणजे १५ हात आणि २ इंच, एकूण ६२ इंच. बिंदूनंतर ० ते ३ एवढेच आकडे येऊ शकतात. कुणी १५.५ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, याने घोडा मोजलेला नाही. सपाट फरशीवर, मानेच्या बुडाशी जो हाडाचा उंचवटा असतो तिथपर्यंत मोजा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी घोड्याची उंची सरळ इंचांत बोलली जाते, तेव्हा त्या गिऱ्हाइकासाठी इंचच लिहा.

वय कागदावरून लिहा. कागद नसतील तर दातांवरून पशुवैद्याला सांगू द्या. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येत जातात, त्यामुळे अंदाज बराच नेमका असतो. पुढे तो सैल होत जातो, म्हणून तिथे ‘सुमारे’ लिहा. रंगाला बाजारातली नावं वापरा: कुमैत (तपकिरी, आयाळ-शेपूट काळी), सब्जा (करडा), नुकरा (पांढरा), अबलख (चट्टेदार), पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं). देशी घोड्याचं गिऱ्हाईक भोवरे (अंगावरच्या केसांची वळणं, ज्यांवरून शुभ-अशुभ मानतात) बघणारच, तुमचा विश्वास असो वा नसो. त्यांचा जवळून काढलेला एक फोटो टाकलात की दोघांचाही वेळ वाचतो.

चौथी पायरी: गुण सिद्ध करता येईल असाच लिहा

‘अफाट उडी’, ‘चॅम्पियन होण्याची क्षमता’, ‘पाणीदार घोडा’. असले शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात, म्हणून कुणी वाचत नाही. घोड्याने काय केलं आहे, कुणाखाली केलं आहे आणि अलीकडे केलं आहे का, एवढंच लिहा. ‘गेल्या हंगामात १.१० मीटरच्या वर्गात नियमित, घरी १.३० पर्यंतच्या उड्या, प्रशिक्षकाखाली’ या एका ओळीत सगळं येतं. घरी मारलेली उडी आणि स्पर्धेत मारलेली उडी वेगवेगळी लिहा. तापट घोड्याबाबत हा फरक मोठा असतो. घरी मोकळा असणारा घोडा स्पर्धेच्या गर्दीत अर्धी ताकद भांडण्यातच घालवतो.

टेंट पेगिंगचा (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलण्याचा खेळ) घोडा असेल तर तो रांगेत उभा राहतो का, सरळ रेषेत धावतो का आणि भाला खाली आला तरी वाट सोडत नाही का, हे लिहा. लांब पल्ल्याच्या एंड्युरन्ससाठी असेल तर हृदयाचे ठोके किती लवकर खाली येतात तेही लिहा. त्या स्पर्धांमध्ये ठोके मिनिटाला ६४ पर्यंत यावे लागतात, आणि मनाने शांत न होणारा घोडा पाय धडधाकट असूनही तिथे अडकतो. अशा घोड्याच्या जाहिरातीत हा आकडा त्याच्या पळण्याच्या वेगापेक्षा जास्त बोलतो.

गुण छोटा करूनही लिहू नका. खोड सांगायची आहे या दडपणाखाली काही मालक गुणाबद्दल संकोचाने लिहितात. घोडा खरोखर चांगला असेल तर ते पूर्ण आवाजात सांगा.

पाचवी पायरी: खोड कशी लिहायची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

बाजारात काही शब्द असे रुळले आहेत की वाचणारा त्यांचा सगळ्यात वाईट अर्थ घेतो. ‘थोडा तेज आहे’ म्हटलं की तो समजतो, आवरत नाही. ‘अनुभवी राइडरसाठी’ एवढंच लिहिलं की तो समजतो, कुणालातरी पाडलं आहे. ‘काम बाकी आहे’ म्हणजे काहीच शिकवलेलं नाही. ‘स्वतःचं मत असलेली घोडी’ म्हणजे चावते. तुमची घोडी यातलं काहीही करत नसेल, पण मोघम शब्द वापरलात तर रिकाम्या जागा वाचणाराच भरतो, आणि भीतीने भरतो. मोघम लिहिण्यात विकणाऱ्याचंच नुकसान आहे ते असं.

म्हणून वहीतली घटना उचला आणि तिला तीन गोष्टी जोडा: कधी होतं, काय केल्यावर थांबतं, आणि कुणाला जमतं.

‘लगामाला जड’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: ‘तोंडाला ओढ दिली की वेग वाढवतो. हात हलका ठेवून बैठकीने थांबवणाऱ्या राइडरखाली साध्या स्नॅफलवर (सौम्य प्रकारचं बिट) जातो.’

‘ट्रकमध्ये चढताना त्रास देतो’ याऐवजी: ‘ट्रकमध्ये चढायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. मागून दोर लावला तर दोन पायांवर उभा राहतो. ओळखीचा घोडा आधी चढवला आणि आपण घाई केली नाही तर चढतो. प्रवासात शांत.’

‘तबेल्यात जरा चिडका’ याऐवजी: ‘दाणा खाताना आत गेलेलं आवडत नाही, कान पाडतो, आजवर लाथ मारलेली नाही. बाकी वेळी खरारा, पाय उचलणं, नाल लावणं सगळं करू देतो.’

‘आजवर लाथ मारलेली नाही’ हे खरं असेल तरच लिहायचं. मारली असेल तर कुणाला, कशात, हे लिहायचं. माणसाला इजा झालेली प्रत्येक घटना जाहिरातीत किंवा निदान पहिल्याच फोनवर सांगितली पाहिजे. यात मी तडजोड मानत नाही, कारण समोर येणाऱ्या कुटुंबात एखादी बारा वर्षांची मुलगी असू शकते.

दोन पायांवर उभं राहणं, दुगाण्या झाडणं आणि उधळणं या तीन खोडी त्यांच्या स्पष्ट नावानिशी लिहा. लाकडाला दात लावून हवा ओढणं किंवा तबेल्यात सतत डुलत राहणं यांनी राइडरला धोका नसतो, पण घेणाऱ्याला पहिल्या दिवशीच दिसतात, म्हणून त्याही लिहा. एक ओळ पुरते.

क्रमालाही महत्त्व आहे. गुण वर आणि खोड अगदी तळाशी बारीक अक्षरात असेल तर वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. खोडच सुरुवातीला आली तर तो पुढे वाचतच नाही. मला जमलेला क्रम असा आहे: आधी ठसठशीत गुण, लगेच मुख्य खोड, आणि मग त्या खोडीसह तो कुणाखाली कसा चालतो. शक्य असेल तर गुण आणि खोड एकाच वाक्यात आणा, कारण अशा घोड्यात त्यांचं मूळ बहुधा एकच असतं. ‘अडथळा दिसला की स्वतःहून पुढे घेतो, म्हणून १.२० वर कधी नाकारत नाही आणि म्हणूनच वेग आवरायला जाणता राइडर लागतो.’ हे वाचल्यावर योग्य माणसाचे हात शिवशिवायला लागतात आणि अयोग्य माणूस पान उलटतो.

सहावी पायरी: राइडरचं वर्णन

‘अनुभवी राइडर’ म्हणजे कोण? दहा वर्षं शनिवार-रविवार स्कूलच्या घोड्यावर बसणाराही स्वतःला अनुभवी म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून कौशल्य लिहा: ‘रेसमधून आलेला घोडा आधी चालवलेला असावा’, ‘१.१० मीटरपर्यंत स्वतः उड्या मारणारा’, ‘आठवड्यातून पाच-सहा दिवस काम देऊ शकणारा’, ‘प्रशिक्षकाच्या नजरेखाली चालवणारा’. आणि कुणासाठी नाही तेही लिहा: ‘पहिला घोडा म्हणून नको. रायडिंग स्कूल, वरात, पर्यटकांच्या सवारीसाठी देणार नाही.’ काहींना हे वाक्य उद्धट वाटेल. तरी ठेवा.

घोडा राहतो कसा हेही इथेच यायला हवं. शहरातल्या तबेल्यात बरेच घोडे दिवसाचा बहुतेक वेळ कोंडलेले असतात. तुमचा घोडा रोज चार तास पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या जागेत) सोडल्यामुळे ठीक असेल तर ती अटच आहे, आणि अट म्हणूनच लिहा. दाण्याचंही तसंच. चणे आणि ओट कमी करून लसूणघास आणि सुका चारा वाढवल्यावर तो निवळला असेल, तर नव्या मालकाने कौतुकाने पुन्हा तोबरा भरला की महिन्याभरात तुम्हाला तक्रारीचा फोन येईल.

किंमत आणि कारण

किंमत लिहा. ‘भाव फोनवर’ लिहिलं की चौकशीचे फोन वाढतात, आणि तापट घोड्याला चौकशीखोर माणसं परवडत नाहीत. किंमत फार खाली आणली तर ‘स्वस्तात मोठा घोडा’ शोधणारा नवखा हमखास येतो, म्हणून खोडीसाठी किंमत कमी करताना त्याचं भान ठेवा. विकण्याचं कारण एका वाक्यात आणि खरं लिहा. ‘मुलगा शिकायला परदेशी गेला, माझ्याच्याने हा घोडा होत नाही’ या वाक्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट मालक घोड्याला ओळखतो हे त्यातून दिसतं.

फोटो आणि व्हिडिओ

सपाट जमिनीवर, बाजूने, चारही पाय दिसतील असा एक फोटो. खोगिराशिवाय एक. व्हिडिओत कडक जमिनीवर सरळ जाणारी आणि सरळ येणारी दुडकी हवी, म्हणजे लंगडेपणा लपत नाही. मग कामाचा व्हिडिओ, कापाकापी न करता आणि संगीत न लावता.

आणि एक व्हिडिओ खोडीचा. बहुतेकांना हे पटत नाही, पण माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. सराव रिंगणात तो आडवा नाचतो ती दोन मिनिटं आणि नंतर राइडरने त्याला कसं शांत केलं ती तीन मिनिटं, सलग. ज्याला हा घोडा झेपणार आहे तो ते बघून म्हणतो, ‘एवढंच?’ ज्याला झेपणार नाही त्याला तुम्ही हाडं मोडण्यापासून वाचवलेलं असतं.

जाहिरात टाकायची कुठे, हा थोडक्यात विषय. फेसबुक मार्केटप्लेसच्या नियमांत प्राण्यांची विक्री बसत नाही, त्यामुळे तिथे मेहनत घालवू नका. क्रीडा घोड्यासाठी प्रशिक्षक, नालबंद आणि पशुवैद्य यांच्या ओळखीतून फिरलेली जाहिरात सगळ्यात योग्य ठिकाणी पोचते. देशी घोड्याला दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी सारंगखेड्याची यात्रा किंवा नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा आहेच. पण गर्दीत तापणारा घोडा यात्रेत नेऊ नका. तिथे त्याचा फक्त दोष दिसेल. कागदावर छापलेली जाहिरात घेऊन माणूस पाठवा आणि घोडा घरी दाखवा.

पूर्ण नमुना

समजा घोड्याचं नाव वादळ आहे. जाहिरात अशी होईल:

‘विकणे आहे. थरोब्रेड, खच्ची केलेला, कुमैत, ८ वर्षे, १६ हात (६४ इंच). रेसमधून निवृत्त, गेली तीन वर्षे उड्यांच्या कामात. मुक्काम पुण्याजवळ. किंमत ४ लाख ५० हजार, योग्य घर मिळाल्यास बोलता येईल.

वादळ अडथळा दिसला की स्वतःहून पुढे घेतो. स्पर्धेत १.१० मीटर, घरी प्रशिक्षकाखाली १.३० मीटर. अडथळा नाकारणं त्याला माहीत नाही. वेग मात्र आवरावा लागतो: लगाम ओढला की जास्त पळतो, हलक्या हाताच्या आणि पक्क्या बैठकीच्या राइडरखाली स्नॅफलवर जातो. गर्दीच्या सराव रिंगणात पहिली दहा मिनिटं आडवा नाचतो, क्वचित पुढचे पाय उचलतो. मागे कधी पडलेला नाही. चढताना कुणीतरी धरावा लागतो. ट्रकमध्ये चढायला वेळ घेतो, प्रवासात शांत. दाणा खाताना कान पाडतो, बाकी हाताळायला गोड. लहान मुलाच्या हातूनही खरारा करून घेतो.

रोज किमान चार तास बाहेर सोडणं आणि आठवड्यातून पाच दिवस काम आवश्यक. १.१० पर्यंत उड्या मारणारा, रेसचा घोडा आधी चालवलेला राइडर हवा. पहिला घोडा म्हणून नको. स्कूल, वरात वा सवारीसाठी देणार नाही.

दात, पाठ, पाय आणि जठर नुकतेच तपासले आहेत, अहवाल बघायला मिळतील. ग्लँडर्स रोगाची तपासणी झालेली. कामाचा आणि नाचण्याचा, दोन्ही व्हिडिओ पाठवू. कारण: मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी, मला त्याला पुरेसं काम देणं होत नाही.’

फोन आल्यावर

पहिल्या फोनला घोड्याचं वर्णन करत बसू नका, प्रश्न विचारा. सध्या कोणता घोडा चालवता? किती उंचीच्या उड्या मारता? हा घोडा कुठे राहील, बाहेर किती वेळ सुटेल? तुमच्या प्रशिक्षकांशी बोललो तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याला मी घोडा बघायला बोलवणार नाही.

बघायला आल्यावर आधी तुमचा राइडर बसेल, मग त्यांचा. त्याआधी तासभर लंजिंग करून (लांब दोरीवर गोल पळवून) घोडा थकवून ठेवू नका, आणि गुंगीचं औषध तर कुणी सुचवलं तरी देऊ नका. खरेदीपूर्व तपासणीत रक्ताचा नमुना घेतला जाऊ शकतो, आणि औषध उतरल्यावर घरी गेलेला घोडा वेगळाच निघतो. घेणाऱ्याला दोनदा यायला सांगा, त्यातला एक दिवस वारा किंवा वर्दळ असलेला असू दे.

कायदा काय म्हणतो तेही जाणून घ्या, कारण तो घोड्याचंच उदाहरण देतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ खालची उदाहरणं वाचा. लिलावात सदोष घोडा विकताना विकणारा नुसता गप्प राहिला तर ती फसवणूक धरली जात नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष समजतो’, आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं. घोडेविक्री हाच तुमचा धंदा असेल आणि घेणाऱ्याने ‘मुलीला शिकायला हवा आहे’ असं सांगून तुमच्या सल्ल्यावर घोडा घेतला असेल, तर मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे घोडा त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारीही तुमच्याकडे येऊ शकते. लेखी जाहिरातीत खोड स्पष्ट लिहिलेली असेल तर ती तुमच्याही बाजूचा पुरावा ठरते. म्हणून पावतीला जाहिरातीची प्रत जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या.

पावतीवर घोड्याच्या खुणा, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, रक्कम आणि तारीख लिहा. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जीवघेणा रोग आहे आणि २००९ च्या पशुरोग कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. त्याचा अहवाल मूळ प्रतीसह द्या. प्रवासाला निघण्याआधी घोडा प्रवासाला धडधाकट असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. तो आदल्या दिवशी घेऊन ठेवा, वाटेत अडवलं तर पंचाईत नको.

घोड्याबरोबर एक कागद द्या: दाणा-चाऱ्याचं वेळापत्रक, बिटचा प्रकार, नालबंद शेवटचा कधी आला, जंताचं औषध आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं, ट्रकमध्ये कसा चढवायचा, कशाला बुजतो. शक्य असेल तर साईसाला पहिले दोन दिवस सोबत पाठवा. पहिल्या आठवड्यात खोगीर न घालता फक्त हाताने फिरवा असं नव्या मालकाला सांगा, आणि अडलं तर रात्री-अपरात्रीही फोन करा म्हणून तुमचा नंबर त्या कागदावर वरच्या बाजूला लिहून द्या.